पत्र्यावरचे दोन ठोके

दानियलनं गाडीच्या मागच्या पत्र्यावर दोनदा तळहात मारला आणि गाडी पुढे सरकली. जेमतेम दीड हात. हेमकांतनं लगेच ब्रेक दाबला, इंजिन आचका देऊन बंद पडलं आणि दुकानासमोरच्या फरशीवर एक पाना खणखणत पडला. नंदुरबारच्या त्या रस्त्यावर सकाळी साडेअकराला रिक्षा होत्या, हॉर्न होते, समोर टायरवाल्याचा हवेचा पंप धडधडत होता. पण पाना पडल्यावर हेमकांतला त्यातलं काहीच ऐकू येईना. आरशात बघायला हवं, एवढं त्याला कळत होतं. मान वळत नव्हती. चौपन्न वर्षांच्या माणसाची मान, सकाळी तासभर गाडी चालवून आलेली, नीट चालणारी मान. ती समोरच्या काचेवर खिळून राहिली होती. काचेवर पपईच्या पिकअपमधून उडालेला गवताचा एक तुकडा चिकटला होता. त्यानं तो तुकडा पाहिला, त्याची लांबी पाहिली. मग उजव्या आरशात आपसूक एक हालचाल झाली आणि दानियल दिसला. उभा होता. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरून तो बोटांची पेरं बघत होता. उभा आहे, हेमकांत मनात म्हणाला. उभा आहे.

"काका, गाडी तुम्हनी, घाई बी तुम्हनी," दुकानाचा मालक धीरज गल्ल्यामागून ओरडला, "पन आमना दानियलले तरी आठेच सोडी जा!"

दुकानातली पोरं हसली. दानियलही हसला. नवापूरकडचा, तिशीतला, शांत माणूस. गाडीच्या मागे बसवायच्या सायकल-स्टँडच्या दिव्यांची वायर त्यानंच जोडली होती आणि दिवे बघायला इंजिन चालू ठेवा असं त्यानंच सांगितलं होतं. गाडी गिअरमध्ये कधी गेली, क्लचवरून पाय कधी निघाला, ते हेमकांतला सांगता आलं नसतं. "मी चला नाही म्हटलं, काका," दानियल खिडकीपाशी येऊन म्हणाला. "नीट बसलंय का, ते हात मारून बघितलं." पेरांवरचं कातडं थोडं सोललं होतं. त्यानं ते पँटला पुसलं. दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर कामिनी बसली होती. तिच्या हातात चहाचा कप होता. ती हसली नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या पायांकडे, जणू गाडीचं दार पारदर्शक होतं.

सायकलींचं हे प्रकरण तीन महिन्यांपासून चाललं होतं. मुलगी प्रतिभा सुरतेला असते. तिनं दिवाळीला आईबापाला दोन इलेक्ट्रिक सायकली पाठवल्या. डॉक्टरांनी कामिनीच्या गुडघ्यांसाठी सायकल सांगितली होती आणि बॅटरीची सायकल चढावर स्वतःच ओढते, असं प्रतिभाचं म्हणणं. पहिल्या आठवड्यात लोणखेड्यातल्या बायका ओट्यावरून विचारायच्या, "काकू, पेट्रोल कथं टाकतस हो इना मा?" आणि कामिनी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "पेट्रोल नही, रातले भाकर चारनी पडस." दुसऱ्या महिन्यात ती पाटाच्या रस्त्यानं रोज बारा किलोमीटर जाऊन यायला लागली. तिच्या चालण्यात फरक पडला. आवाजातही. पन्नाशीत आलेली बाई अंगणात शिट्टी वाजवते, हे हेमकांतनं प्रथमच ऐकलं. मग एका सकाळी ती म्हणाली की सायकली गाडीला बांधून तोरणमाळला न्यायच्या. तिथल्या तलावाभोवती फिरायचं. म्हसावदवरून राणीपूर, तिथून घाट, दीड-दोन तासांचा रस्ता. हेमकांत बघू म्हणाला. सत्तावीस वर्षांत तो त्या घाटानं एकदाही वर गेला नव्हता. लग्नं झाली, यात्रा झाल्या, नातेवाइकांच्या सहली झाल्या. दर वेळी केळीला पाणी द्यायचं होतं, किंवा ताप होता, किंवा गाडीचं टायर. कारणं खोटी नव्हती. तो ती आठवडाभर आधीपासून तयार करायचा, म्हणून वेळेवर ती खरी असायची.

सायकलींचं तसंच झालं. पण इथं त्याला कारणं शोधावी लागली नाहीत. ती छापील मिळाली. एकेका सायकलीचं वजन सव्वीस किलो, बॅटरी काढली तर तेवीस. टपावरचं स्टँड पहिलं बाद झालं: सव्वीस किलो डोक्याच्या वर कोण उचलणार, आणि टपाच्या दांड्यांना दोन्हींचा भार सोसणार नाही. दुसरं, डिकीच्या दाराला आकड्यांनी अडकवून पट्ट्यांनी ताणायचं. ते साध्या सायकलींसाठी, पस्तीस किलोच्या वर नाही. तिसरं गाडीच्या खालच्या चौकटीला लोखंडी जोड बसवून त्यावर उभं राहणारं: चाकांसाठी दोन पन्हाळी, दांडीला पकडणारे दोन हात, साठ किलोची क्षमता. त्यानं नंबरप्लेट झाकली जाते, तर मागे दुसरी प्लेट आणि दुसरे दिवे लावायचे. हेमकांतनं तिन्हींची मापं घेतली. बंपरपासून जमिनीपर्यंतची उंची, डिकीच्या काचेचा उतार, मागच्या चाकापासून जोडापर्यंतचं अंतर; सगळं एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं. धीरजनं सुरतेहून आधी दुसऱ्या प्रकारचं मागवलं, ते परत गेलं. आता तिसरं आलं होतं. सायकली पपईच्या पिकअपमधून नंदुरबारला आणल्या होत्या आणि आज सायकलींसह घरी जाऊन बघायचं, पटलं तर ठेवायचं, असं ठरलं होतं. मागच्या फेरीला हेमकांतनं दानियलला एक प्रश्न विचारला होता. पट्टा किती वेळ धरून ठेवेल? दानियलला प्रश्न कळला नव्हता. "वेळ? वेळेचं काय, काका, वजन विचारा. माणसाचा हात थकतो. पट्टा थकत नाही." हेमकांतनं मान हलवली होती आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला होता. तेव्हाही कामिनी त्याच खुर्चीवर होती.

आता दानियल दुसरी सायकल चढवत होता. चाकं पन्हाळीत बसली, पट्टे चाकांवरून आवळले गेले, लोखंडी हातानं दांडीला पकडलं. हेमकांत खाली उतरून बघत उभा होता. हात मारायची ती पद्धत दानियलला कुठून ठाऊक असणार. तो तेव्हा दोन-तीन वर्षांचा असेल. पण जीपच्या दिवसांत ती सगळ्यांना ठाऊक होती. हेमकांतकडे तेव्हा कमांडर जीप होती. उन्हाळ्यात तो शहादा ते म्हसावद प्रवासी न्यायचा आणि दिवाळीनंतर वरच्या पाड्यांवरून ऊसतोडीची माणसं खाली आणायचा. सोळा-सतरा माणसं, भांडी, गोधड्या, कोंबड्या. आरशात माणसांखेरीज काही दिसायचं नाही, म्हणून मागचा शेवटचा माणूस पत्र्यावर हात मारून सांगायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. एवढीच भाषा होती आणि ती मराठी, अहिराणी, पावरी सगळ्या बोलणाऱ्यांची एकच होती. तीन ठोक्यांना काही अर्थ नव्हता. तिसऱ्याची गरज कुणाला पडली नव्हती. चालवणाऱ्यानं कानानं ऐकायचं नसायचं, पायानं ऐकायचं; ठोका पडला की पाय आपला आपण हलायचा. चांगला ड्रायव्हर तोच, ज्याचा पाय विचारत नाही. हेमकांत चांगला ड्रायव्हर होता.

अठ्ठ्याण्णव सालचा नोव्हेंबर. दिवाळीनंतरचा पंधरावा दिवस. वरच्या पाड्यावरचा दिवाल्या नावाचा एक पावरा आदिवासी, पंचविशीचा, सडपातळ, पांढऱ्या दातांचा. मागच्या हंगामात त्यानं एक जुनी सायकल घेतली होती आणि ती त्याला खाली आणायची होती, उसाच्या शेतापासून शहाद्याच्या बाजारापर्यंत जायला. टपावर जागा नव्हती. आत तर नव्हतीच. सायकल जीपच्या मागच्या बाजूला उभी लावली, हेमकांतनं निळ्या नायलॉनच्या दोरीनं वरचा भाग टपाच्या दांडीला बांधला. खालचा भाग सुटा राहिला, कारण दोरी तेवढीच होती. दिवाल्या म्हणाला, पाटील, हालेल. हेमकांतला तिसरी फेरी करायची होती. तो म्हणाला, "सायकलनी मोठी काळजी शे ना तुले? मंग तूच धरी उभा ऱ्हाय." आतली माणसं हसली. दिवाल्याही हसला. "धरीन, पाटील," म्हणाला, आणि मागच्या पायदानावर चढून एका हातानं दांडी, एका हातानं सायकल धरून उभा राहिला. धूळ आत येऊ नये म्हणून कुणीतरी ताडपत्रीचा पडदा खाली सोडला. पडद्याच्या आत सोळा माणसं. बाहेर दिवाल्या आणि सायकल. दोन ठोके पडले. पाय हलला.

एवढं त्यानं पुढे अनेकांना सांगितलं होतं. घाटात कुठेतरी तो उतरला असेल, त्याची मर्जी. म्हसावदला चहाला थांबलो तेव्हा सायकल दोरीला लटकत होती, पुढचं चाक वाकलेलं, आणि माणूस नव्हता. आतले लोक म्हणाले, मागे राहिला असेल, येईल चालत. तेव्हा साडेचार वाजले होते. घाट अठरा किलोमीटर मागे होता, उजेड दीड तास होता, जीपमध्ये डिझेल होतं. हेमकांतनं चहा प्यायला आणि गाडी लोणखेड्याच्या दिशेनं घेतली. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीतले दोघं पायी वर गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. काय झालं? नाही दिसला, म्हणाले. नाही दिसला म्हणजे काय, हे हेमकांतनं विचारलं नाही. घरी गेला असेल. दरीत असेल. दुसऱ्या रस्त्यानं गुजरातेत कामाला गेला असेल, तिकडे जायचेच लोक. दहा दिवसांत टोळी दुसऱ्याच्या शेतावर गेली आणि सायकल दोरीसकट खळ्यातल्या भिंतीला टेकून राहिली. पोलीस आले नाहीत. कुणी भांडायला आलं नाही. साधारण महिन्यानं एक बाई आली. हेमकांत केळीच्या बागेत होता. त्यानं ती रस्त्यानं येताना पाहिली, एकटी, अनवाणी, डोक्यावरून पदर. ती त्याच्याच दाराकडे वळली आणि तो केळीत दोन ओळी आत सरकला. पानांमधून खळं दिसत होतं, बोलणं ऐकू येत नव्हतं. तिचा गळा, हात, कपाळ त्यानं शोधून पाहिलं. या लोकांत बाई विधवा झाली की काय काढतात, काय ठेवतात, त्याला माहीत नव्हतं. पाऊण तास तो उभा होता. केळीच्या खोडातून पाणी पाझरतं, त्यानं शर्टावर डाग पडतात, ते धुऊन जात नाहीत. संध्याकाळी खळ्यात सायकल नव्हती. रात्री जेवताना त्यानं भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हटलं.

"काका, झालं," दानियल म्हणाला. आणि या वेळी त्यानं पत्र्यावर हात मारला नाही. त्यानं स्टँड दोन्ही हातांनी धरून अख्खी गाडी हलवून दाखवली. सायकली गाडीसोबत हलल्या, गाडीपेक्षा वेगळ्या हलल्या नाहीत.

"हे बी नको," हेमकांत म्हणाला.

धीरजनं कपाळाला हात लावला. "आते काय, काका? खालून उचलनं नको, वरून उचलनं नको. आते सायकलीसले पंख लावू का?"

"मागचं काही दिसत नाही. आरशात सगळ्या सायकलीच."

"त्या दिसनारच, मांगे सायकलीच शेतस ना!"

कामिनी उठली, कप खाली ठेवला, आणि पदर खोचून गाडीकडे आली. तिनं पट्टे एकेक करून ओढून पाहिले. "काय कमी शे इना मा?" तिनं विचारलं. "वजन झेपस, दिवा लागस, प्लेट दिसस. काय कमी शे, ते सांगा." ती हळू बोलत होती, पण दुकानातली पोरं गप्प झाली. "घर जाऊत," ती शेवटी म्हणाली. "रस्तामा समजी जाई."

गाडी शहराबाहेर पडली. जानेवारीचं ऊन पांढरं होतं, दोन्ही बाजूंना पपईच्या बागा, फळांना गुंडाळलेले वर्तमानपत्राचे कागद. आतल्या आरशात डिकीची काच आणि काचेमागे सायकलींचे हँडल, दोन जोड्या, वर उचललेल्या. जवळच्या सायकलीच्या हँडलवर रबराची मूठ होती. तिच्यावर कुणाची बोटं नव्हती. हे तो दर काही सेकंदांनी तपासत होता आणि आपण तपासतो आहोत हेही त्याला दिसत होतं. बसस्टँडवर, लग्नात, बाजार समितीत, पांढऱ्या दातांचा कुणी सडपातळ माणूस दिसला की तो तसाच तपासायचा. दिवाल्या आता त्रेपन्न वर्षांचा असता, किंवा असेल. दात पडले असतील. पण हेमकांत पंचविशीतल्या माणसांकडेच बघायचा. वय वाढलेला दिवाल्या त्याला कधी शोधावासा वाटला नव्हता. प्रकाशा गावाच्या अलीकडे एक गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली, आणि मागून आवाज आला. ठक.

पाय हलला नाही. प्रथमच. तो गोठून पेडलवर होता, गाडी चाळीसच्या वेगानं चालली होती, आणि हेमकांत वाट बघत होता. एक. त्याला वाटलं, आताच दुसरा येईल. लागून आला तर दोन, मग चल. एक झाड गेलं, ज्यूसची बंद टपरी गेली, किलोमीटरचा दगड गेला. पुढे दुसरा गतिरोधक होता. ठक. हेमकांतनं ब्रेक इतक्या जोरात दाबला की कामिनीचे दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटले. मागच्या ट्रकनं हॉर्न दाबून धरला आणि शिवी देत बाजूनं निघून गेला. गाडी कच्च्या कडेला उतरून थांबली. धूळ पुढे गेली, मग मागे आली.

"काय व्हयनं?"

"एक पडला. मग एक पडला."

"काय?"

"ठोके. दोन नव्हते ते. एक आणि एक." तो स्टीअरिंगशी बोलत होता, शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत, जसा तो कचेरीत बोलायचा. "घाटात तिसऱ्या वळणावर एक ठोका पडला. एक म्हणजे थांब. मी पाय उचलला. उतार होता, मागे सोळा माणसं, मी म्हटलं वळण सरळ झालं की थांबू. मग वळणानंतर दुसरा पडला. मध्ये एवढा वेळ गेला होता, आता गेला ना, एवढा. मी म्हटलं, दोन झाले. दोन म्हणजे चल. मी चल धरलं, कामिनी. मला माहीत होतं ते दोन नाहीत. त्याचा एक हात दांडीला होता. एक सायकलीला. ठोका मारायला त्याला सायकल सोडावी लागत होती. एकदा सोडून मारला, मग परत धरली, मग परत सोडून मारला. थांब, थांब म्हणत होता. आणि मी बेरीज केली."

कामिनी पुढे बघत होती. तापीच्या पुलाकडे जाणारा रस्ता समोर सरळ होता, त्याच्या टोकाला देवळाचं शिखर आणि वर पांढरं आभाळ. मग ती म्हणाली, "ती बाई सायकल लेवाले उनी व्हती तवय तुम्ही केळीमा व्हतात."

त्यानं मान वळवली.

"तुम्हना शर्ट पांढरा व्हता. पानेसमाईन दिसत व्हता. माले दिसना. तिले बी दिसना व्हई."

"काय म्हटली ती?"

"सायकल द्या, म्हटली."

"आणि तो? त्याचं?"

"मी इचारं नही." ती आपल्या हातांकडे बघत होती, डॅशबोर्डवर आपटलेले तळवे लाल झाले होते. "तिले पानी दिधं, भाकर दिधी. चाक वाकेल व्हतं, म्हनीसन पायरीवर बठीसन तिनी दगडवरी सरळ करं. मी तठेच उभी. इचारसू, इचारसू, आसं करता करता ती उठी गयी. मंग माले वाटनं, तुम्ही इचारशात. रातले इचारशात, सकायले इचारशात. इचारं की सांगी दिसू, माले बी काय माहीत नही म्हनीसन. तुम्ही मीठ कमी शे म्हटलात." तिनं तळवे मांडीवर ठेवले. "ती निळी दोरी. ती तिनी सोडी, गुंडाळी, ओटावर ठेवी दिधी. ही पाटलानी, म्हटली."

निळी दोरी. हेमकांतला ती लख्ख आठवली, घाटातली नाही, नंतरची. त्या दोरीनं त्यानं विहिरीवरचा पंप दोनदा खाली सोडला होता. पावसाळ्यात गोठ्याच्या ताडपत्रीला तीच होती. ती गाठी पडून पडून आखूड झाली तेव्हा त्यानंच ती जाळली होती, आणि नायलॉनचा वास हाताला दोन दिवस राहिला होता. ती परत कशी आली, सायकल गेल्यावर दोरी घरात कशी उरली, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. इतक्या बारकाईनं सगळं मोजणाऱ्या माणसाला. सत्तावीस वर्षं तो समजत होता की या घरात न विचारलेली गोष्ट आपल्या एकट्याची आहे. ती दोघांची होती. दोघं एकाच ताटाच्या दोन बाजूंनी बसून ती जेवत होती.

कामिनी खाली उतरली आणि मागे गेली. तो तिच्यामागे गेला. आवाज कसला ते तिनं लगेच शोधलं: गाडीजवळच्या सायकलीचं पेडल खाली लोंबत होतं, गाडी उसळली की डिकीच्या पत्र्याला लागत होतं. पत्र्यावर दोन बारीक खुणा होत्या, एकीच्या शेजारी एक, बोटभर अंतरावर. तिनं पेडल वर फिरवलं आणि आपल्या रुमालानं दांडीला बांधलं. स्टँडमध्ये काही दोष नव्हता. साठ किलो, दोन हात, चार पट्टे. ते सगळ्यांत योग्य होतं आणि हेमकांतला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"किल्ली द्या," ती म्हणाली. शहाद्याच्या बाजारापर्यंत गाडी तीही चालवायची.

"घरी?"

"लोणखेडा रस्तामाच शे. पन थांबनं नही. म्हसावद, राणीपूर, वर. आते एक वाजस. तीनलोंग पोचसूत." ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "पाडा तुम्हले माहीत शे."

"काय विचारायचं तिथं?"

"पहिले नाव सांगानं. मंग जे सांगतीन ते ऐकानं."

तो जिवंत असेल तर, हेमकांत म्हणणार होता. नसेल तर. दोन्ही वाक्यं तोंडाशी आली आणि दोन्हींना पुढचा भाग नव्हता. दिवाल्या दारात उभा असेल आणि त्याला ओळखणार नाही. ओळखेल आणि बस म्हणेल. ती बाई असेल. कुणीच नसेल, आणि एखादी सायकल भिंतीला टेकलेली असेल, नव्या माणसाची, नवी. हे सगळं त्यानं सत्तावीस वर्षांत मनात एकेकदा पाहिलं होतं. फक्त पुढचं पाऊल कधी टाकलं नव्हतं, दाराच्या आतलं. तो पुढच्या सीटकडे गेला नाही. मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसला, तिरका, काचेकडे तोंड करून, तिथून सायकली हातभर अंतरावर दिसत होत्या. कामिनीनं त्याला तिथं का बसलात असं विचारलं नाही. तिनं सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला वळवला. आरशात तिचे डोळे आले. सायकलींच्या हँडलांच्या मधून मागे पडलेला रस्ता दिसत होता, नंदुरबारपर्यंत सरळ, त्यावर ऊन आणि कुणी नाही.

"बठी ऱ्हायनात?" तिनं विचारलं. "झालं की सांगा."

इंजिन सुरू झालं. हेमकांतनं खिडकीतून हात बाहेर काढला. पत्रा उन्हानं तापला होता. त्यानं तळहात उचलला आणि दारावर एक ठोका मारला. दुसरा मारायला हात वर गेला आणि वरच राहिला. एक मोटरसायकल बाजूनं गेली. मागून एक उसाचा ट्रॅक्टर आला, सावकाश, दोन ट्रॉल्यांचा, तोही गेला, आणि त्याच्यामागून रस्त्यावर पडलेली उसाची पानं वाऱ्यानं सरकत राहिली. एवढ्या वेळात तेव्हा एक वळण संपलं होतं. कामिनीचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. ती आरशातून त्याच्या हाताकडे बघत होती.

गाडी हलली नाही.